हाकेला ओ

शेवटची ट्राम डेपोत लावून मी घरी येते
तेव्हा टॅम्पेरेत साडेअकरा वाजलेले असतात.
बूट काढते, टिपरं उचलते, सुरू करते,
आणि काही होत नाही.
म्हणजे बाहेर काही होत नाही.
हेडफोनच्या आत मात्र छप्पर उडतं.

डब्यात दोनशे अठरा ड्रमसेट आहेत.
एक गोदामातला, एक चर्चमधला,
एक कुठल्याशा स्टुडिओतला, जिथे कुणीतरी
एका दुपारी एकेक थाप चोवीस वेळा मारली
आणि जेवायला निघून गेला.
मी त्याची दुपार वाजवते.

तक्रार नाही. नवा कोरा आवाज, कधी न उतरणारा.
खाली हेल्वी पेल्टोला राहतात, वय एक्क्याऐंशी.
त्यांना वरून फक्त माझा पाय ऐकू यायचा:
धप्. धप्-धप्. धप्.
एकदा जिन्यात थांबवून म्हणाल्या,
"इतक्या रात्री पीठ मळतेस, पाव विकतेस का?"
मग मी प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये
टेनिसचे सोळा चेंडू बसवले,
वर पेडल ठेवलं.
आता पायही कुणाला ऐकू येत नाही.
हेल्वींनी पावाचं पुन्हा विचारलं नाही.

फेब्रुवारीत एका रात्री वीज गेली.
वळण अर्ध्यावर होतं. हात थांबले नाहीत,
हातांना कळायला वेळ लागतो.
तेव्हा ऐकलं, मी खरंच काय वाजवते ते:
रबरावर टिचक्या, जाळीवर टिचक्या,
ओल्या चपलांनी कुणी जिना चढावा तसं काहीतरी,
स्प्रिंगची कुरकुर,
आणि माझा श्वास, केवढा मोठा!
डावा हात लंगडत होता.
किती दिवस लंगडत होता, कोण जाणे.

शनिवारी ओरिवेसीची बस धरली.
भावाच्या तळघरात, बटाट्यांच्या पोत्यांमागे
माझा सेट घोंगडीखाली उभा होता,
आजारी गुरासारखा.
एकेक पिंप वर आणलं, किल्ल्या फिरवल्या,
थंडीने सैलावलेली कातडी ओढून बसवली.
पहिली थाप मारली आणि
कुत्रा टेबलाखाली गेला.
विसरलेच होते की आवाज दुखतो.
विसरले होते हेही, की जाळी टिपरू झेलतच नाही,
आलं तसं भिरकावते;
कातडं मात्र आधी जरा विचार करतं.

अर्ध्या तासात दम लागला. टिपरं मांडीवर घेऊन बसले.
स्वयंपाकघरातून तापानी ओरडला, "कॉफी!"
आणि स्नेअर म्हणाला, झर्र.
कुणी हात लावला नव्हता.
तापानी खोकला. झर्र.
पत्र्यावरून बर्फाची लादी घसरली, धाडकन पडली:
झर्र, बराच वेळ, पोटाखालच्या सगळ्या तारांनी.
रेइमाच्या बासची पहिली तार छेडली
की हा असाच चाळवायचा, अठरा वर्षं.
आम्ही त्याला शिव्या घालायचो.
रेकॉर्डिंगवाला तर तारांवर रुमाल बांधायचा.
दोनशे अठरांपैकी एकही कधी
मधेच बोलला नाही.

येताना फक्त स्नेअर आणला.
बसच्या इंजिनाला तो पिशवीतून उत्तरं देत होता,
मांडी बधिर होईपर्यंत.
पुढच्या बाकावरच्या पोराने वळून पाहिलं.
बाजूची खिट्टी खाली केली की तारा सुटतात,
गप्प बसतो.
नाही केली.

आता तो फरशीवर आहे, पलंगाच्या पायथ्याशी.
वाजवत नाही, वाजवला तर पोलीस येतील.
काल हेडफोन काढून पाणी प्यायला उठले,
दिवा लावला नव्हता,
आणि तो कुजबुजत होता.
वाकून पाहिलं. उंदीर नाही, काही नाही.
खाली हेल्वींनी रेडिओ लावला असावा.
मला ऐकू आला नाही.
त्याला आला.